आक्काचं चौथं मत

महापालिकेच्या या निवडणुकीत आमच्या प्रभागातून चार नगरसेवक निवडायचे होते, त्यामुळं प्रत्येक मतदाराला चार मतं द्यायची होती. अ, ब, क, ड अशा चार जागा, आणि गोंधळ नको म्हणून प्रत्येक जागेच्या उमेदवारांची नावं वेगळ्या रंगाच्या कागदावर: पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. प्रत्येक रंगावर एकच बटण दाबायचं. चारही दाबून झाली की यंत्र एकदाच वाजतं, आणि वाजलं म्हणजे मतदान पूर्ण. तीनच दाबून निघालात तर ते वाजत नाही, आणि न वाजलेलं यंत्र पुढचा मतदार घेत नाही.

मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आलेले नग मोजून घ्यायचे, गेलेले मोजून द्यायचे, आणि संध्याकाळी जुळलं नाही तर जुळेपर्यंत बसायचं. निवडणुकीकडंही मी त्याच सवयीनं बघितलं. घरात मतदार तीन, मतं बारा. माझ्या चार मतांची आणि बायकोच्या चार मतांची काळजी नव्हती. उरलेली चार माझ्या मोठ्या बहिणीची होती, आणि त्या चारांनी मतदानाच्या आधीचे दोन आठवडे मला एका जागी बसू दिलं नाही.

आम्ही तिला आक्का म्हणतो, म्हणजे आपसात म्हणतो. ही हाक तिनं कधी ऐकलेली नाही. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. ती वाढली कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावी. लहानपणी थोडे दिवस मूकबधिरांच्या शाळेत होती; तिथं स्वतःचं नाव लिहायला, आकडे आणि काही अक्षरं वाचायला शिकली. मग आईला करमेना म्हणून तिला घरी आणलं. आई गेल्यावर ती आमच्याकडं पुंडलिकनगरला आली. ती ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. गल्लीतल्या बायका तिच्याकडंच येतात. मापाचं बोलायला तोंड लागत नाही, आणि आक्का इकडचं तिकडं सांगत नाहीत, असं त्या माझ्या बायकोला हसत सांगतात.

आमच्याशी ती हातांनी बोलते. ही भाषा कुठल्या शाळेतली नाही, आमच्या घरातच तयार झालेली आहे. नाकाशी बोट नेलं की आई, नथीवरून. मिशीला पीळ म्हणजे वडील. हात नागमोडी खाली नेला की कन्नडचा घाट, म्हणजे गाव. डाव्या तर्जनीच्या नखावर उजवं बोट घासलं की निवडणूक. माणसांची नावं ती स्वतः ठेवते. माझं नाव भुवई खाजवणं आहे, आणि ते मला लहानपणापासून आवडत नाही.

गावाकडं तिनं मतदान केलेलं होतं. तिथं जीप दारात यायची, सगळ्या घराला घेऊन जायची, आणि निघायच्या आधी वडील तिच्या तळहातावर बोटानं चिन्ह काढून दाखवायचे. घराचं जे मत तेच तिचं. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. तिला वाटत असेल तर ते विचारायची खूण आमच्याकडं नव्हती. मत या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात, एक बटण दाबून द्यायचं आणि एक मनात असतं ते. आमच्या हातांच्या भाषेत पहिलाच होता.

या वेळी तिचं नाव पहिल्यांदा शहराच्या यादीत आलं, आणि प्रचारही तिनं पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितला. निळ्या कागदावरचा एक उमेदवार आमच्याच भागातला. गॉगल कपाळावर चढवलेला त्याचा फोटो चौकाचौकात लागला होता, आणि प्रत्यक्षातही तो तसाच फिरायचा, ऊन उतरल्यावरसुद्धा. आक्कानं त्याचं नाव ठेवून टाकलं: दोन बोटांनी गॉगल कपाळावर सरकवणं. माणूस कामाचा होता, हे मला सांगितलं पाहिजे. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. उन्हाळ्यात गल्लीत टँकर उभा राहिला तो यानंच आणलेला. ज्यानं पाणी दिलं त्याला मी विसरत नाही.

तो प्रचाराला घरी आला तेव्हा बरोबर दहा-बारा माणसं होती. त्यानं मला वाकून नमस्कार केला, बायकोला नमस्कार केला, वहिनी लक्ष असू द्या म्हणाला. आक्का दाराशी मशीनवर बसली होती. ती उठली, पदर सावरून तिनं हात जोडले. त्याचेही हात वर आले होते. तेवढ्यात मागच्या एकानं त्याच्या कानाशी लागून सांगितलं की यांना ऐकू-बोलू येत नाही. त्याचे हात निम्म्यातूनच खाली गेले आणि तो माझ्याकडं वळला.

"मग यांचं पण तुमच्याकडंच आलं की, दादा. तुमची तर डबल झाली."

सगळे हसले. आक्का हात जोडून तशीच उभी होती, आणि ते सगळे पुढच्या दाराकडं गेले.

"डबल म्हणे," बायको त्यांच्या पाठीकडं बघत म्हणाली. "रेशनची साखर आहे का ही?"

त्याचं पत्रक मशीनवर पडलं होतं ते आक्कानं उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ब्लाउजचा गळा आखायला घेतला.

मी तिची तयारी करून घ्यायची ठरवलं. यंत्राची माहिती वर्तमानपत्रात आली होती, तिचं कात्रण माझ्याकडं होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी चार रंगांचे कागद चिकटवले, त्यांवर ओळी आखल्या, ओळींत चिन्हं काढली. बटणं आक्कानं तिच्या डब्यातली दिली, ब्लाउजची. चिठ्ठी कुणाला दाखवायची, शाई कुठं लावतात, आडोशामागं एकटीनं कसं जायचं, सगळं करून दाखवलं. स्वयंपाकघराचं दार अर्धं ओढलं की आडोसा तयार व्हायचा. ती दाबायची तेव्हा मी पाठ करून उभा राहायचो, म्हणजे दुसऱ्यानं बघायचं नसतं हेही तिला कळावं. बायको पोळ्यांचं पीठ घेऊन दाराबाहेर खोळंबलेली असायची. मतदान उरकलं असेल तर ओटा मोकळा करा, असं तिनं दोनदा सांगितलं.

प्रत्येक रंगाच्या कागदावर शेवटी एक ओळ असते, वरीलपैकी कोणीही नाही. तीही मी टाळली नाही. त्या ओळीच्या बटणावर बोट ठेवलं आणि पंजा हलवून नको ही खूण केली. यातलं कुणीच नको, असं मला म्हणायचं होतं. आक्कानं मान डोलावली. मी पुढच्या कागदावर गेलो.

मतदानकेंद्र जवळच्या शाळेत होतं. गर्दीच्या आधी पोचायचं म्हणून मी दोघींना सकाळीच बाहेर काढलं. पोचलो तेव्हा रांग फाटकापर्यंत आलेली. पायऱ्यांशेजारी नवा उतार केलेला होता, त्यावर पिवळी पट्टी मारलेली. मला ते बघून बरं वाटलं. तिथल्या स्वयंसेवक बाईंना मी सांगितलं की आमच्या आक्का दिव्यांग मतदार आहेत. त्या धावत गेल्या आणि चाकांची खुर्ची घेऊन आल्या. आक्कानं खुर्चीकडं बघितलं, स्वतःच्या पायांकडं बघितलं, आणि बायकोच्या हातातली पिशवी घेऊन खुर्चीत ठेवली.

मी म्हणालो, चालता येतं, ऐकू येत नाही. बाई जरा ओशाळल्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी आम्हाला काही दिलेलं नाही, पण रांगेत पुढं घेते, म्हणाल्या. तेवढं तर तेवढं.

खोलीत केंद्राध्यक्ष म्हणून एक बाई होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज चढा, शिक्षिका असाव्यात. खिडकीशी उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. त्यातला एक आमच्या गल्लीतला, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, गॉगलवाल्याचा माणूस. त्याच्या शेजारी विरुद्ध बाजूचा. दोघं एकाच पुडीतले शेंगदाणे खात होते.

आधी मी मत दिलं. चार रंग, चार बटणं, यंत्र वाजलं. निळ्यावर मी गॉगलवाल्याला दिलं, टँकर लक्षात ठेवून. मग बायकोचं झालं. ती बाहेर गेली, आणि मी बाहेर जायच्या दारात थांबायची परवानगी अध्यक्ष बाईंकडून मागून घेतली. कारण सांगितलं. त्या हो म्हणाल्या.

आक्का पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. मला तिचे पायच दिसत होते. ते एकेका कागदापुढून सरकत गेले, शेवटच्या कागदापुढं थांबले, आणि मग ती बाहेर आली. शाई लावलेलं बोट जपत सरळ माझ्याकडं चालायला लागली.

यंत्र वाजलं नव्हतं.

ताई थांबा, ओ मावशी, असं दोघं-तिघं एकदम म्हणाले. ती चालतच होती. दारातल्या महिला पोलिसानं हात आडवा धरला तेव्हा ती थबकली, मागं वळली, आणि सगळी खोली आपल्याकडं बघतेय हे तिला दिसलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. काय चुकलं, एवढंच त्या बघण्यात होतं.

तिथं माझ्या ध्यानात आलं की यंत्र वाजतं हे मी तिला सांगितलेलंच नाही. कात्रणात ते वाक्य मी लाल पेननं अधोरेखित केलं होतं. पण ओट्यापाशी शिकवताना तोंडानं आवाज काढावा हे माझ्या मनातही आलं नाही. तिच्यासमोर बसलं की आवाज नावाची गोष्ट आमच्या घरात नसतेच. आणि आता सांगायचं म्हटलं तरी वाजलं आणि वाजलं नाही, याला आमच्याकडं खूण नव्हती.

"एखादं राहिलंय त्यांचं," अध्यक्ष बाई म्हणाल्या. "तुम्ही जाऊन दाखवा."

मी जागचा हललो नाही. "मला आत जाता येईल का?"

त्यांनी चष्मा लावला, समोरची पुस्तिका उघडली. "त्यांना दिसतं ना?"

"दिसतं."

"हात चालतात?"

"ब्लाउज शिवते."

"मग सोबती देता येणार नाही. सोबती अंध मतदाराला, नाहीतर ज्याला स्वतः बटण दाबता येत नाही त्याला."

"मी पण तेच म्हणतोय," मी म्हणालो.

म्हणजे आम्ही दोघं एकाच बाजूचे होतो आणि पुढं काय ते दोघांनाही सुचत नव्हतं. बाहेर रांगेत कुरकुर सुरू झाली. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, लई येळ झाला, आत सयपाक मांडलाय का काय. गल्लीतला प्रतिनिधी पुढं सरकला.

"काका, जावा ना आत. कुठलंबी एक दाबून टाका. कोन बघायलंय?"

"कुठलंबी कशाला म्हणतो," शेजारचा म्हणाला, "तुझंच म्हण की."

"तू गप रे. मावशीला तरास व्हायलाय म्हणून बोललो."

अध्यक्ष बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. पुन्हा तोंड उघडलं तर दोघांनाही बाहेर काढीन, असं त्यांना सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, तुम्ही इथूनच सांगा त्यांना, तुमच्या भाषेत, पण लवकर. त्यांची दाबलेली मतंसुद्धा अडकून बसलीत.

ते ऐकल्यावर मी हात वर केले. चार बोटं दाखवली, तीन मिटली, उरलेलं एक तिच्यापुढं धरलं. हे कुठं आहे?

आक्काचा चेहरा मोकळा झाला, एवढंच होय, असा. आणि मी थांबवायच्या आत तिनं दोन बोटांनी गॉगल कपाळावर सरकवला आणि पंजा हलवला. तो नको. मग हात जोडायला वर नेले, निम्म्यातून खाली सोडले, अगदी त्यानं सोडले होते तसे, आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

खोलीत कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. तो फोटो खांबाखांबावर होता. विरुद्ध बाजूच्या प्रतिनिधीनं तोंडावर हात दाबून धरला तरी शेंगदाण्याचा ठसका लागायचा तो लागलाच. गल्लीतला ताठ बसला.

"आमच्या भाऊंना नाय?" तो म्हणाला. "मावशी, टँकर कुणी आणलता?"

हे तो तिलाच विचारत होता, तिला ऐकू येत नाही हे विसरून.

आक्कानं त्याचा चेहरा बघितला, मग शेजारच्याचा. आमच्या घराबाहेर आपले हात कुणाला कळत नाहीत, हे तिनं आयुष्यभर धरून चाललेलं होतं. भाजीवाल्याला कळत नाहीत, दवाखान्यात कळत नाहीत, त्याचा तिनं त्रास काढलेला होता. आत्ता आपण भावाशी खाजगीत बोललो असं तिला वाटत होतं. ते सगळ्यांना कळलं, आणि नेमकं इथं कळलं. तिचे हात खाली आले आणि पदरात गेले.

तिला घेऊन तसंच निघून जावं, असं मला वाटलं. मी गेलो असतो तर कुणी अडवलं नसतं, उलट सुटका झाली असती. पण मग तिची मतं मागं राहिली असती, आणि राहिलेल्या मतांचं कुणी काय केलं हे आम्हाला कधी कळलं नसतं.

मी अध्यक्ष बाईंना विचारलं, शेवटच्या ओळीचं सांगू का तिला, कोणीही नाही त्या? सांगा की, त्या म्हणाल्या, ती ओळ सगळ्यांसाठीच आहे.

मी हात पोटाशी आणून बारीक खुणा केल्या. आमच्यात कुजबुजायचं असलं की असंच करतात. शेवटचा कागद. शेवटची ओळ. नको. दाब.

आक्कानं मान हलवली. एक हात पदरातून काढला आणि मलाच सुनावलं. ते बटण नको. तूच सांगितलंस.

तेव्हा मला ओट्यापाशी तिनं डोलावलेली मान आठवली. मी बटणावर बोट ठेवून पंजा हलवला होता. तापलेल्या इस्त्रीपाशी आम्ही तीच खूण करतो: हात लावू नको. माझं नको तिच्याकडं तसं पोचलं होतं, आणि तिनं ते चोख पाळलं होतं. तो माणूस नको होता, दुसरे तिला माहीत नव्हते, आणि शेवटच्या बटणाला तर हातच लावायचा नव्हता. मग तिच्याकडं राहिलं काय, तर न दाबणं. तिनं तेच केलं होतं.

दुसरी खूण शोधायला हवी होती, आणि सगळी खोली माझ्या हातांकडं बघत होती. मी डावा तळहात ताटासारखा पुढं धरला. उजव्या हातानं त्यात वाढलं. पुन्हा वाढलं, आग्रहानं. मग उजवा पंजा ताटावर आडवा दाबून धरला. पंगतीत नको असलं तर माणूस नुसता गप्प बसत नाही. गप्प बसला तर वाढणारा वाढून पुढं जातो. ताटावर हात ठेवावाच लागतो.

आक्का बघत राहिली. मग तिच्या भुवया वर गेल्या. तिनं बोटानं बटण दाबायची खूण केली, लगेच ताटावर हात आडवा धरला, आणि माझ्याकडं विचारल्यासारखं बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. अध्यक्ष बाईंनीही हलवली, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ती वळून आडोशामागं गेली. पाय शेवटच्या कागदापुढं थांबले. माझ्या हिशेबानं एका बटणाला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी जास्त थांबले. मग यंत्र वाजलं, लांबलचक. पोलीस बाईंनी ऐकलं, प्रतिनिधींनी ऐकलं, बाहेरचा म्हातारा सुटलं एकदाचं म्हणाला. ज्या मतदारासाठी ते वाजलं होतं तिच्याशिवाय सगळ्यांनी ऐकलं. ती आतच उभी होती. शेवटी तिनंच मागं वळून बघितलं, तेव्हा मी हात झटकून झालं म्हणून सांगितलं.

घरी येईपर्यंत तिनं हात पदराबाहेर काढले नाहीत. बायकोला मी वाटेत सगळं सांगितलं. दुपारी तो प्रतिनिधी जेवायला घरी चालला होता, तो आमच्या दारात थांबला.

"काकू, आक्कांनी आमचं एक मत कापलं बरं का."

"तू आत जाऊन बघितलंस का, काय दाबलं ते?"

"सगळ्यांसमोर तर बोलल्या."

"बोलली ती आधी. आत गेली ती नंतर. बघितलंस का तू?"

"तसं नाय बघितलं."

"मग जा, जेवून घे. गार होतंय."

मी आतून ऐकत होतो, आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. तिचं गुपित फुटलं होतं की नव्हतं? तिला काय नको ते साऱ्या खोलीला कळलं. तिनं काय दाबलं ते मलाही माहीत नव्हतं. घरात मी नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. बायको म्हणाली, बसा तरी, नाहीतर गिरणीत जाऊन या. मी दोन्ही केलं नाही. ऊन उतरायला लागल्यावर कागद घेऊन निवडणूक आयोगाला अर्ज लिहायला बसलो. यंत्र वाजतं तेव्हा मतदाराला दिसेल असा एक दिवा आडोशात असावा. शेवटच्या ओळीचा अर्थ चित्रानं दाखवलेला असावा. यापेक्षा जास्त मागितलं नाही. खाली आक्काची सही हवी होती, म्हणून तिच्याकडं गेलो.

ती मशीनवर बसली होती. अर्ज मी तिला हातांनी समजावून सांगितला, दिव्याचं चित्र काढून दाखवलं. तिनं तो बाजूला ठेवला. माझ्याकडं बोट केलं, डाव्या नखावर बोट घासलं. तू कुणाला?

मी मान हलवली. सांगायचं नसतं.

तिनं हात फिरवून सगळी खोली दाखवली: टेबल, खिडकी, खिडकीशी बसलेले. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. माझं त्यांनी बघितलं. आता तुझं सांग.

मी सांगायला लागलो. पांढऱ्यावर हा, गुलाबीवर ही, पिवळ्यावर ती. चौथ्याला माझे हात थांबले, आणि थांबलेला हात तिच्यापासून लपत नाही. तिनंच दोन बोटं कपाळाकडं नेली आणि माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणालो. पाणी, मोठी गाडी, हंडे, असं कारणही सांगितलं. ते तिला माहीत होतं, हंडे तीच भरते.

ती चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. थोडा वेळ तिनं मशीनच्या फळीवरून बोट फिरवलं. मग दोन्ही हातांनी हवेत दाराची चौकट काढली, त्या चौकटीत भुवई खाजवली आणि पंजा हलवला. पुढच्या वेळी तू दारात नको.

मी सांगितलं की मी तुला तिथं खरं तेच सांगितलं. त्या माणसाला नको म्हणायचं बटण मीच दाखवलं, ज्याला मी स्वतः मत दिलं होतं. ते तिनं मान्य केलं. तरी नको.

मला ते लागलं, पण तिचं म्हणणं नियमात बसणारं होतं. गल्लीतला प्रतिनिधी त्या माणसाचा म्हणून त्याच्या बोलण्याला मी दाद दिली नव्हती. मीही त्याच माणसाचा मतदार होतो, माझ्या खिशाला बिल्ला नव्हता एवढाच फरक. मी इमानानं वागलो हे मला माहीत आहे. तिला ते माझ्याच हातांवरून मानावं लागलं होतं.

मग मी विचारलं, शेवटी निळ्यावर तू काय दाबलंस? शेवटचंच ना?

तिनं अर्ज ओढून घेतला, एकेक अक्षर जुळवत सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

वाजलं, याला अर्ज समजावताना आमच्याकडं एक खूण तयार झाली होती: मूठ ओठांशी नेऊन उघडायची. ती करून मी विचारलं, मी नसलो तर यंत्र वाजलं हे तुला कोण सांगणार? तिनं डोळ्यांपुढं चष्मा धरला आणि गळ्याशी दोरी ओढली. म्हणजे त्या अध्यक्ष बाई. त्यांच्या तोंडाकडं बघीन, तोंडावर कळतं. मी म्हटलं, आडोशातून त्या दिसत नाहीत. मग डोकं बाहेर काढीन, तिनं मान लांब करून दाखवलं.

डोकं बाहेर काढलं तर त्या ओरडतील, आणि पुढच्या वेळी त्याच बाई असतील कशावरून, हे मला सांगायचं होतं. मी हात वर केले. तोपर्यंत तिनं मशीन सुरू केलं होतं आणि डोळे सुईवर लावले होते. मी अर्ज घेऊन शेजारी उभा राहिलो. ती बघत नसली की मला तिच्याशी काही बोलता येत नाही.